गावठाणाच्या डीपीवर सोलर वाढलं की व्होल्टेज कसं सांभाळायचं

करवीर, कागलकडच्या गावांत छपरावरचं सोलर वाढलं आणि भर दुपारी सोलरचा इन्व्हर्टर सुटायच्या, म्हणजे आपोआप बंद पडायच्या तक्रारीही वाढल्या. बहुतेक वेळा इन्व्हर्टर ठीकच असतो. डीपीची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरची, एलटी (घरांकडं जाणारी, कमी दाबाची) बाजू ४३३ व्होल्टची, म्हणजे फेज-न्यूट्रल २५०. इन्व्हर्टरनं २३० च्या ११० टक्क्यांवर, २५३ ओलांडले की दोन सेकंदांत सुटायचं असा नियम. लोड कमी आणि डीपीला वरून येणारं ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) पुरतं येत असेल, तर सोलरनं व्होल्टेज चढायला हातात राहतात तीन व्होल्ट.

आधी मोजा. सकाळी ११ ते दुपारी ३ च्या दरम्यान प्रत्येक लाइनच्या शेवटच्या घरी तिन्ही फेजचं व्होल्टेज लिहून घ्या. एक फेज २७० आणि दुसरा १९० दिसला तर सोलरचा विषय बाजूला ठेवा, न्यूट्रलचा जोड ढिला आहे, वायरमनला बोलवा. उन्हाळ्यातली मोजणी पुरत नाही. राधानगरी, पन्हाळ्याकडं श्रावणात पंखे-कूलर बंद असतात, पॅनल थंड असल्यानं जास्त वीज देतात, आणि उघडीप मिळाली की व्होल्टेज सगळ्यात वर जातं.

मग फेज वाटा. वीझल तारेचा (गावच्या लाइनची बारीक अॅल्युमिनियमची तार) रोध किलोमीटरला सुमारे ०.९१ ओहम. डीपीपासून ३०० मीटरवर ५ किलोवॅट एकाच फेजवर सोडले, तर जवळपास २२ अँपिअर फेजनं जातात आणि न्यूट्रलनं परततात. व्होल्टेज १२ नं चढतं. तेच ५ किलोवॅट तीन फेजमध्ये सारखे वाटले तर चढ दोनच व्होल्ट. म्हणून लांबच्या घरांना थ्री-फेज इन्व्हर्टर घ्या. ते जमत नसेल तर सिंगल-फेजवाले आर, वाय, बी या तीन फेजवर आळीपाळीनं जोडून घ्या. जोडणी महावितरणचा वायरमनच बदलेल, खांबावर स्वतः चढू नका.

त्यानंतर लोड दुपारी आणा. शेतीपंप बहुधा वेगळ्या फिडरवर (वीजवाहिनीवर) असतात, ते हिशेबात धरू नका. ग्रामपंचायतीचा १० एचपीचा पाणीपुरवठा पंप मात्र जवळपास ९ किलोवॅट ओढतो, तोही तिन्ही फेजवर. पहाटे टाकी भरायची सवय मोडून ११ ते २ ठेवा. पहाटेच्या नळाला पाणी पुरेल एवढी टाकी हवी, एवढीच अट. दूध संस्थेचं अवघड आहे, कारण दूध सकाळ-संध्याकाळ येतं. तिथं आइस बँक (बर्फ साठवून नंतर दूध थंड करायची टाकी) लावून दुपारी बर्फ करायचा. हजार लिटर दूध ३५ वरून ४ अंशांवर आणायला साधारण ३७५ किलो बर्फ लागतो. पिठाच्या गिरणीवाल्याला नुसतं सांगितलं तरी तो वेळ बदलतो. हे सगळं झाल्यावर उरलं तर बॅटरीचा विचार करा, आधी नाही.

वीज गेली की ग्रिडचे इन्व्हर्टर थांबतात आणि पुरवठा स्थिर झाल्यावर किमान ६० सेकंदांनी परत लागतात. सगळे एकदम लागले की व्होल्टेज उसळी मारतं. पुरवठादाराकडून वेगवेगळी वेळ लावून घ्या: काहींना ६०, काहींना १२०, १८०. पंपाला ऑटोस्विच असेल तर त्यालाही असाच उशीर द्या.

सुटू नये म्हणून इन्व्हर्टरची वरची मर्यादा २७० करून देणारे भेटतात. तसं करू देऊ नका. शेजाऱ्याचा फ्रिज, टीव्ही त्यानं जातो. त्याऐवजी व्होल्ट-व्हार आणि व्होल्ट-वॅट चालू करायला सांगा. व्होल्ट-व्हारमध्ये इन्व्हर्टर रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेजवर परिणाम करणारी वीज) ओढून व्होल्टेज थोडं खाली आणतो, मग व्होल्ट-वॅटमध्ये गरजेपुरतंच उत्पादन कापतो. वीझलसारख्या बारीक तारेवर पहिल्याचा उपयोग कमी, दुसऱ्याचा जास्त. एवढं करूनही बारा महिने व्होल्टेज वर असेल, तर महावितरणकडं डीपीचा टॅप (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची पायरी) बदलण्याचा अर्ज द्या, सोबत तुमच्या मोजणीचा कागद जोडा. टॅपची एक पायरी साधारण अडीच टक्क्यांची, म्हणजे सहा व्होल्ट. पण टॅपनं रात्रीचं व्होल्टेजही तेवढंच उतरतं, म्हणून रात्री लांबच्या घराला किती मिळतं तेही त्याच कागदावर लिहा.