वसाहतकाळातले पोर्ट्रेट फोटो ओळखताना या चुका टाळा

१८१३ साली मुंबईत विल्यम ब्लँड नावाच्या एका इंग्रज नौदल-डॉक्टरने द्वंद्वयुद्धात आपल्याच जहाजावरच्या एका सहकाऱ्याचा जीव घेतला. खटला मुंबईतच चालला, सात वर्षं हद्दपारीची शिक्षा झाली आणि त्याची रवानगी सिडनीला झाली. तिथे त्याने डॉक्टरकी केली, राजकारण केलं, १८४३ मध्ये तर तो न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेवर निवडूनही आला. सुमारे १८४५ मध्ये काढलेला त्याचा डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उमटवलेला फोटो, आज सिडनीच्या स्टेट लायब्ररीत आहे. ऑस्ट्रेलियात काढलेल्या आणि आजवर टिकून राहिलेल्या फोटोंमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो.

या फोटोवर विसंबता येतं, कारण त्याच्या सगळ्या बाजू एकमेकींशी जुळतात. ब्लँड तेव्हा हयात होता, सिडनीत होता. फोटो काढणारा जॉर्ज गुडमन १८४२ च्या अखेरीस तिथे आला आणि रॉयल हॉटेलच्या गच्चीवर स्टुडिओ थाटून बसला. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर फोटो उमटवायचं हे तंत्रही त्या वर्षांतलंच. माणूस, फोटोग्राफर आणि तंत्र या तिन्ही गोष्टी एका जागी, एका वेळी असू शकत होत्या का, हे आधी पाहायचं आणि नावाचा विचार शेवटी करायचा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. मागे पेन्सिलीने लिहिलेलं नाव वाचतात आणि मग चेहऱ्यात तो माणूस शोधू लागतात. एकदा नाव डोक्यात बसलं की कुठलाही चेहरा त्या नावाचा वाटायला लागतो.

मृत्यूचं साल न पाहणं

ही सगळ्यात सोपी तपासणी, आणि तीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. डॅगेरोटाइपची कृती पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाली. ॲडलेड शहराची आखणी करणारा कर्नल विल्यम लाइट त्याच साली ६ ऑक्टोबरला ॲडलेडमध्येच वारला. युरोपातून तिथे जहाज पोहोचायला तीन-चार महिने लागायचे, म्हणजे ही बातमीसुद्धा त्याच्या कानावर गेली नसणार. मेलबर्नच्या सुरुवातीशी ज्याचं नाव कायम जोडलं जातं तो जॉन बॅटमन त्याआधीच, मे १८३९ मध्ये गेला होता. न्यू साउथ वेल्सचा पहिला गव्हर्नर आर्थर फिलिप १८१४ मध्ये वारला आणि नंतरचा गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी १८२४ मध्ये. यांच्यापैकी कुणाचाही ‘फोटो’ म्हणून काही दिसलं तर तो रंगचित्राचा नाहीतर कोरीव छापाचा फोटो आहे, हे डोळे मिटून सांगावं. भिंग लावलं की बहुधा खात्री पटते. कॅनव्हासची वीण, रंगाला गेलेल्या बारीक भेगा, ब्रशाचे फटकारे दिसतात. छापावरून घेतलेला असेल तर गालांवर समांतर रेघा दिसतात.

माणूस फोटोच्या काळात हयात होता, एवढ्याने मात्र काम संपत नाही. झाशीच्या राणीचा ‘खरा फोटो’ आपल्याकडे दर काही महिन्यांनी फिरत येतो. तो १८५० मध्ये हॉफमन नावाच्या फोटोग्राफरने काढला, असं सोबत लिहिलेलं असतं. राणी १८५८ मध्ये गेली, तेव्हा नुसत्या सालांच्या हिशेबात हे बसतं. पण ज्या नावावरून हा हॉफमन आला असावा, तो कलकत्त्याचा जॉन्स्टन अँड हॉफमन स्टुडिओ १८८० च्या दशकातला. म्हणून माणसाचं साल तपासलं की लगेच फोटोग्राफरचं साल तपासायचं.

फोटोतलं वय आणि वसाहतीत आल्याचं वय एकच धरणं

मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत थॉमस फॉस्टर चक या फोटोग्राफरने १८७२ मध्ये पूर्ण केलेला एक प्रचंड पट आहे. व्हिक्टोरियातले संशोधक-प्रवासी आणि सुरुवातीचे वसाहतकरी असा त्याचा विषय आहे. सातशेहून अधिक छोटी पोर्ट्रेट एकाशेजारी एक बसवली आहेत आणि जवळजवळ सगळे पुरुष आहेत. ॲडलेडमध्येही त्याच सुमारास ‘जुन्या वसाहतकऱ्यां’चे असे पट तयार झाले. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनच्या टोइटू संग्रहालयात ओटागोच्या पहिल्या वसाहतकऱ्यांच्या तसबिरींनी भिंतीच्या भिंती भरल्या आहेत.

आता हिशेब करून पाहा. मेलबर्नची वस्ती १८३५ मध्ये सुरू झाली. तेव्हा पंचवीस वर्षांचा असलेला माणूस १८७२ च्या पटात बासष्ट वर्षांचा असणार. पांढरी दाढी, खोल गेलेले डोळे. तोच चेहरा कातरून ‘१८३५ मध्ये आलेले अमुक’ अशा मथळ्याखाली छापला की वाचणाऱ्याला वाटतं, जंगल तोडायला आणि मेंढ्या हाकायला म्हातारेच आले होते. प्रत्यक्षात ही माणसं बहुतेक तरुण होती. मथळा लिहिताना फोटोचं साल आणि येण्याचं साल ही दोन्ही सालं वेगळी लिहावीत. असे पट तयार करताना जे हयात नव्हते किंवा दूर होते, त्यांच्या जुन्या फोटोंच्या वा चित्रांच्या नकलाही वापरल्या जात. त्यामुळे पटावर १८७२ आहे म्हणून त्यातला प्रत्येक चेहरा १८७२ चा असंही धरू नये.

अल्बममधला प्रत्येक जण नातेवाईक समजणं

१८६० च्या दशकात कार्त-द-व्हिझिटची लाट आली. साधारण चार इंच उंच आणि अडीच इंच रुंद पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, त्या मापाच्या खाचा असलेले अल्बम आणि घरोघरी ते भरण्याचा छंद. मेयॉलने काढलेले राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे फोटो १८६० पासून अशा कार्डांवर बेसुमार विकले गेले. त्यानंतर गव्हर्नर, पाद्री, नट, गायिका, गाजलेले आरोपी, १८६१ मध्ये वाळवंटात मेलेले संशोधक-प्रवासी बर्क आणि विल्स, १८६७-६८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आलेला राजपुत्र आल्फ्रेड, ज्याला म्हणून नाव होतं तो दुकानात विकत मिळू लागला. लोक ही कार्डं आपल्या काका-मामांच्या शेजारी बसवत.

मग दीडशे वर्षांनी पणतू अल्बम उघडतो आणि पहिल्याच पानावरच्या भारदस्त गृहस्थाला मूळपुरुष ठरवतो. पहिलं पान तर बहुतेकदा राणीसाठी नाहीतर तिच्या माणसांसाठी राखलेलं असे. कार्डावर फोटोग्राफरशिवाय दुसऱ्या विक्रेत्याचं किंवा प्रकाशकाचं नाव असेल, माणसाचं नाव हाताने लिहिण्याऐवजी छापलेलं असेल, किंवा हुबेहूब तीच पोझ एखाद्या ग्रंथालयाच्या संग्रहात सापडली, तर ते विकत घेतलेलं कार्ड समजावं. यासाठी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ हाताशी ठेवावं. फुकट आहे, आणि जुन्या वर्तमानपत्रांतल्या स्टुडिओंच्या जाहिरातीसुद्धा त्यात सापडतात.

फोटोत दिसतं ते शब्दशः खरं मानणं

उभ्या माणसाच्या बुटांमागे लोखंडी स्टँडचा जाड पाया डोकावतो. असा फोटो दिसला की ‘हा मृतदेह आहे, स्टँडला टेकवून उभा केलाय’ अशी पोस्ट हमखास येते. हे धादांत खोटं आहे. तो स्टँड मान आणि कंबर स्थिर ठेवायला असे, म्हणजे काही सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये माणूस हलू नये. अख्ख्या देहाचा भार पेलण्याची त्याची ताकदच नव्हती. पाया दिसतोय म्हणजे माणूस नक्की जिवंत होता. मृतांचे फोटो काढले जात, यात शंका नाही, पण ते बहुधा अंथरुणावर नाहीतर शवपेटीत, झोपलेल्या अवस्थेतले.

डोळ्यांचं तसंच. १८५१ नंतर पसरलेलं ओल्या कलोडियन प्लेटचं, म्हणजे ओलं रसायन लावलेल्या काचेवर फोटो घ्यायचं, तंत्र निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळं होतं. म्हणून निळे डोळे भुतासारखे पांढुरके येतात, निळी रिबन पांढरी दिसते, सैनिकाचा लालभडक कोट काळा येतो. चेहऱ्यावरचे वांग आणि उन्हाने रापलेली कातडी प्रत्यक्षाहून कितीतरी गडद उमटते. उन्हात राबलेल्या एखाद्या वसाहतकऱ्याचा काळवंडलेला चेहरा पाहून त्याच्या वंशाबद्दल निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत. या प्लेटवरून कातडीचा रंग सांगता येत नाही, एवढं साधं आहे.

आणि डॅगेरोटाइप, तसंच लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप, यांत चित्र आरशासारखं उलटं येतं. तपासायला कोटाची बटणं पाहा. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर यायला हवी. फोटोत उलटं दिसलं तर चित्र फिरलेलं आहे. अमेरिकेत बिली द किड या कुप्रसिद्ध बंदूकबाज गुन्हेगाराच्या एकमेव खात्रीच्या टिनटाइपवरून तो डावखुरा होता अशी समजूत वर्षानुवर्षं चालली. त्याच्या हातातल्या विंचेस्टर रायफलची काडतुसं भरायची खाच खरी तर उजव्या अंगाला असते, फोटोत ती डाव्या अंगाला दिसते. तेवढ्या एका खाचेने सगळी समजूत मोडली. अंगठी कुठल्या हातात, व्रण कुठल्या गालावर, भांग कुठल्या बाजूला, यावरून माणूस ओळखायचा असेल तर हे आधी पाहावं.

कपड्यांवरून साल काढताना म्हाताऱ्यांकडे पाहू नका, ते पंधरा वर्षांपूर्वीचा कोट घालून बसलेले असतात. गटात एखादी तरुण बाई असेल तर तिच्या बाह्या आणि घागऱ्याचा घेर पाहा. पुठ्ठाही बोलतो. १८६० च्या दशकातला पातळ आणि काटकोनी कोपऱ्यांचा, पुढच्या काळातला जाड आणि गोल कोपऱ्यांचा, त्यानंतरच्या काळात सोनेरी कडा. पण स्टुडिओ विकला गेला की जुन्या काचेच्या निगेटिव्ह नव्या मालकाकडे जात आणि तो आपल्या पुठ्ठ्यावर नव्या प्रती काढून विके. तेव्हा पुठ्ठ्यावरून प्रतीचं साल कळतं, चेहऱ्याचं कळेलच असं नाही.

पार्श्वभूमीवर तर मुळीच भरवसा ठेवू नये. याचं ठळक उदाहरण मुंबईतलंच आहे. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यांतल्या कित्येक फोटोंत माणसांचे गट वेगळे टिपलेले आहेत आणि त्यांच्यामागची मुंबईची दृश्यं वेगळी घेऊन जोडलेली आहेत. त्या फोटोवरून ‘हे लोक इथे राहत’ असं म्हणणं चुकीचं ठरतं.

आधी ‘सुधारणं’ आणि मग ओळखणं

मोबाइलवरच्या ॲपमधून फोटो ‘स्पष्ट’ करून, रंगवून, मगच ओळखायला पाठवायची पद्धत आता रूढ झाली आहे. हे मला मनापासून खटकतं. अस्पष्ट चेहऱ्यात माहितीच नसते, तिथे ॲप दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून अंदाजाने डोळे-नाक घालतं. मिळतो तो कुणीतरी नवा माणूस. रंग तर निव्वळ कल्पना असते, काळा आलेला लाल कोट ॲप सरळ काळाच रंगवतं. मूळ फोटोचा साधा स्कॅन करा, निदान ६०० डीपीआयवर, पुढून आणि मागून, कडा न कापता. चौकट आणि डबी यांचाही फोटो घ्या. डॅगेरोटाइपचा पृष्ठभाग कापसाने, फडक्याने, कशानेही पुसू नका. एका हलक्या घासण्याने चेहरा कायमचा जातो.

मथळ्यातलं नाव आणि जात बिनशर्त उचलणं

१८६६ मध्ये चार्ल्स वॉल्टर या फोटोग्राफरने मेलबर्नजवळच्या कोरंडर्क वस्तीतल्या आदिवासी स्त्री-पुरुषांची शंभरच्या आसपास पोर्ट्रेट काढली आणि ती त्याच वर्षीच्या मेलबर्नच्या आंतरवसाहती प्रदर्शनात मांडली गेली. ज्यांची ही जमीन होती त्यांचे हे चेहरे. त्याच साली टास्मानियात चार्ल्स वूली याने त्रुगानिनी या तिथल्या आदिवासी स्त्रीचे फोटो काढले. तिच्या फोटोखाली ‘शेवटची टास्मानियन’ असं आजही सर्रास छापलं जातं. ती १८७६ मध्ये वारली, हे खरं. पण टास्मानियातले आदिवासी लोक आजही आहेत, आपलं घराणं सांगतात, आपल्या हक्कांसाठी लढतात. एका मथळ्याने अख्खा जिवंत समाज मेलेला ठरवला, आणि तो मथळा उचलणारा प्रत्येक जण तीच चूक पुन्हा करतो.

अशा फोटोंवर त्या काळी गोऱ्यांनी दिलेलं ख्रिस्ती नाव, चुकीच्या उच्चारातलं मूळ नाव किंवा नुसता ‘एक नेटिव्ह’ असा शेरा असतो. ग्रंथालयांच्या आजच्या नोंदीत बऱ्याच वेळा वंशजांनी सांगितलेलं योग्य नाव आणि समूह दिलेला असतो, तो घ्यावा. जुना मथळा द्यायचाच असेल तर तो जुना आहे हे सांगून अवतरणात द्यावा. ऑस्ट्रेलियातल्या कित्येक आदिवासी समाजांत मृतांचा चेहरा दाखवण्याबद्दल आणि नाव उच्चारण्याबद्दल पाळायचे नियम आहेत, म्हणून तिथली ग्रंथालयं आणि वाहिन्या आधी सूचना देतात. आपल्या मराठी लेखात, व्हॉट्सॲप गटात किंवा मंडळाच्या स्मरणिकेत असा फोटो घालतानाही ती सूचना फोटोच्या वर, वाचणाऱ्याच्या नजरेस आधी पडेल अशी द्यावी.