नवा लॅपटॉप तापतोय? या चुका टाळा

मे महिन्यात अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. भाचीला कॉलेजसाठी नवा लॅपटॉप घेऊन चारच दिवस झाले होते. मी हातपाय धुऊन टेकतो न टेकतो तोच ती तो घेऊन समोर आली. "मामा, इथं बोट ठेवून पाहा ना. ठेववतच नाही. बिघडलेला पीस दिला का आपल्याला?"

बोट ठेवलं. कीबोर्डच्या वरची, बिजागरीजवळची पट्टी खरंच चटका देत होती. मनगट टेकतो तो भाग मात्र जेमतेम कोमट होता. लॅपटॉप सकाळपासून कापसाच्या गादीवर होता. उचलला तर त्याच्याखाली गादी चांगलीच तापलेली. उलटा केला तर दुकानदाराने हौसेने चिकटवून दिलेलं लॅमिनेशन तळाच्या जाळीवर निम्म्यापर्यंत आलेलं. कीबोर्डवर सिलिकॉनचं कव्हर, तेही दुकानातून फुकट मिळालेलं. जाळीवरचं लॅमिनेशन सोलून काढलं, कव्हर उतरवलं आणि लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपचं, तापमान आधी ९३ अंश दिसत होतं. अर्ध्या तासाने, तेच काम चालू असताना, ७६. लॅपटॉपमध्ये काहीही दोष नव्हता.

दर वेळी असंच निघेल असं मात्र नाही. कधी पंखाच बंद असतो, कधी आतली जोडणी नीट बसलेली नसते. नव्या लॅपटॉपच्या बाबतीत हे लवकर ठरवावं लागतं, कारण बदलून मिळण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. दोष वापरण्यात आहे की यंत्रात, हे पहिल्याच आठवड्यात कळलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

हात लावून निदान करणं

ही पहिली आणि सगळ्यांकडून होणारी चूक. धातूचं अंग असलेला लॅपटॉप प्लास्टिकच्या अंगापेक्षा हाताला जास्त गरम लागतो, कारण धातू उष्णता पटकन हातात सोडतो. बाहेर उष्णता जाणवते म्हणजे ती आतून बाहेर पडते आहे, हेही खरं. ॲपलच्या एम१ चिपच्या आणि त्यानंतरच्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. उष्णता अंगातूनच बाहेर टाकायची अशी त्याची रचना आहे. तो मोठ्या कामाला गरम लागला म्हणजे बिघडला, असं नाही.

म्हणून तापमान मोजा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखं मोफत ॲप लागतं. मेल वाचताना, टायपिंग करताना ४५ ते ६० अंश दिसले तर सगळं ठीक आहे. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम चालू असताना पातळ लॅपटॉप ८५-९० च्या पुढे जातात, आणि तसे जातील हे धरूनच ते बनवलेले असतात. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. एएमडीच्या लॅपटॉप प्रोसेसरांची साधारण ९५ ते १०० असते. तिथवर पोचलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. त्याहीपुढे गेलं तर लॅपटॉप स्वतःहून बंद पडतो. उष्णतेने आतले भाग जळण्याची वेळ येऊ नये म्हणूनच ही सोय आहे.

आकडे वाचताना खोलीचं तापमान विसरू नका. पंखा खोलीतलीच हवा आत फिरवतो, त्यामुळे खोलीपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. पुण्यात डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत नुसता चालू असलेला लॅपटॉप ४५ दाखवत असेल, तर विदर्भातल्या उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत तोच ६० च्या पुढे जाणार. ॲपल आपल्या लॅपटॉपांसाठी १० ते ३५ अंशांची खोली सुचवतं. अकोला, चंद्रपूर, नागपूरच्या मे महिन्यात दुपारची खोली याच्या वरच असते. जड काम सकाळी लवकर किंवा रात्री केलेलं बरं.

पहिल्याच दिवशी घाबरून जाणं

लॅपटॉप नवा असताना आपण काही करत नसलो तरी तो कामात असतो. विंडोजचे साठलेले अपडेट उतरत असतात, ड्रायव्हर (आतले भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) बसत असतात, डिस्कवरच्या फायलींची शोधसूची तयार होत असते, वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) फोटो वर-खाली करत असतो, अँटिव्हायरस पहिली तपासणी करत असतो. हे उरकेपर्यंत पंखा सतत घोंघावणार. एक-दोन दिवस तो चार्जरला लावून टेबलावर चालू ठेवा, सगळे अपडेट होऊ द्या, दोन-तीनदा रीस्टार्ट करा. कंपनीच्या ॲपमधून बायोसचा (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) अपडेट आला असेल तर तोही घ्या. पंखा केव्हा आणि किती फिरावा याचं गणित पुष्कळदा त्यात सुधारलेलं असतं.

तिसऱ्या दिवशीही तेच चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यावर क्लिक करा. सगळ्यात वर कोण बसलंय ते दिसेल. लॅपटॉपबरोबर आलेला, थोडे दिवस फुकट चालणारा अँटिव्हायरस आणि वर दुकानदाराने टाकून दिलेला दुसरा, असे दोन एकमेकांच्या वाटेत येताना मी कितीतरी वेळा पाहिले आहेत. एक काढून टाका.

गादी, उशी, मांडी

यावर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्याहून जास्त लॅपटॉपांचं कारण मला इथेच सापडलं आहे. बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा आत घेतात आणि बिजागरीकडून किंवा बाजूने बाहेर फेकतात. तळाला रबराचे पाय असतात ना, ते नुसते घसरू नये म्हणून नसतात. हवेला शिरायला तेवढीच फट असते. गादीवर लॅपटॉप थोडा रुततो आणि ती फट मिटते. पंखा पूर्ण वेगाने फिरतो, आवाज होतो, पण ओढायला हवाच नसते.

तुमच्या लॅपटॉपची हवा कुठून येते-जाते हे एकदा बघून ठेवा. टिश्यू पेपरचा लहान तुकडा जाळीजवळ धरा. पंखा फिरत असेल तर जिथे तो जाळीला चिकटतो तिथून हवा आत जाते आणि जिथे फडफडतो तिथून बाहेर पडते. बाहेर पडण्याची वाट भिंतीला किंवा पुस्तकांच्या थप्पीला टेकलेली नको, निदान वीतभर जागा सोडा.

अंथरुणातच बसून काम करायचं असेल तर खाली लाकडी पाट किंवा पुठ्ठ्याची जाड फाइल घ्या. टेबलावर असाल तर मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची दोन सारखी झाकणं ठेवून बघा. मागची बाजू एवढी उचलल्यानेही बऱ्याच लॅपटॉपांचं तापमान काही अंशांनी उतरतं. हजार रुपयांचा कूलिंग पॅड घेण्याआधी हे करून पाहा. पॅडचे पंखे लॅपटॉपच्या जाळीसमोर आले तरच त्याचा उपयोग होतो. मधल्या बंद पत्र्यावर वारा घालून फारसं काही साधत नाही.

मांडीवर तासन् तास लॅपटॉप ठेवू नका, विशेषतः मुलांना ठेवू देऊ नका. सततच्या सौम्य उष्णतेने कातडीवर जाळीदार तांबूस-तपकिरी डाग उठतात. २०१० साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात १२ वर्षांच्या एका मुलाची अशी नोंद आली होती. मांडीवर लॅपटॉप ठेवून रोज गेम खेळल्याने त्याच्या डाव्या मांडीवर असे डाग उठले होते.

सुरक्षेसाठी केलेली गुंडाळागुंडाळी

नवी वस्तू जपावी वाटते, ते स्वाभाविकच आहे. पण तळाला चिकटवलेलं लॅमिनेशन, अंगाला घट्ट बसणारी कडक केस आणि सिलिकॉनचं कीबोर्ड कव्हर, तिन्ही उष्णता आत कोंडतात. काही लॅपटॉप कीबोर्डच्या फटींतूनही हवा घेतात, त्यांना तर कव्हर घालूच नये. कव्हर लागतंच असेल तर काम संपल्यावर, लॅपटॉप थंड झाल्यावर घाला.

झाकण मिटून थेट बॅगेत

जुन्या लॅपटॉपांत झाकण मिटलं की जवळजवळ सगळं थांबायचं. आताच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपांत झोप म्हणजे मोबाइलची झोप असते. स्क्रीन काळी, पण आत इंटरनेट, अपडेट, मेल यांची ये-जा चालू. तो मधेच जागा झाला आणि बॅगेच्या फोमच्या कप्प्यात असला तर हवेला वाटच नसते. कॉलेजला पोचल्यावर लॅपटॉप तापलेला आणि बॅटरी निम्मी, असं झालं तर कारण हेच असतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज' असं लिहिलेलं सापडेल, तिथे स्लीपऐवजी हायबरनेट निवडा. किंवा निघण्याआधी सरळ शट डाउन करा आणि दिवा विझल्यावरच बॅगेत घाला. आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर लॅपटॉप अजिबात सोडू नका.

कायम परफॉर्मन्स मोड

प्रोसेसरवर जो वॉटचा आकडा सांगतात तो मूळ वेगाचा असतो. इंटेलचा आय५-१२३५यू घ्या. मूळ १५ वॉटचा, पण टर्बोमध्ये, म्हणजे गरजेपुरता वेग वाढवताना, तो थोडा वेळ ५५ वॉटपर्यंत ओढू शकतो. साधा ब्राउझर उघडताना पंखा अचानक ओरडतो तो यामुळे. परफॉर्मन्स मोडमध्ये ही ओढ जास्त वेळ चालते. अभ्यास, टायपिंग, ऑनलाइन वर्ग यांसाठी बॅलन्स्ड पुरतो. लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपांत एफएन आणि क्यू एकत्र दाबून मोड बदलतो, डेल आणि एसुस यांच्या स्वतःच्या ॲपांत पंख्याचे वेगवेगळे मोड असतात.

टर्बो बंद करायला काही जण पॉवर ऑप्शन्समधला मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट हा आकडा ९९ टक्के करायला सांगतात. टर्बोमुळेच तापतंय का, हे तपासायला ही युक्ती चांगली आहे. कायमची मात्र ठेवू नका, लॅपटॉप जाणवेल इतका मंदावतो. ज्या वेगाचे पैसे मोजले तो वेगच मग हाताशी राहत नाही.

गेमिंगचा लॅपटॉप असेल तर ब्राउझरसारखी हलकी ॲप्स विनाकारण मोठं ग्राफिक्स कार्ड वापरत नाहीत ना, ते सेटिंग्जमधल्या सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे पाहा.

बॅटरी गरम असताना चार्जिंगचा हट्ट

लिथियम-आयन पेशी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करणं योग्य नसतं, म्हणून बरेच लॅपटॉप त्या वेळी चार्जिंग स्वतःच थांबवतात. उन्हाळ्यात 'चार्जर गेला' म्हणून नवा आणण्याआधी लॅपटॉप अर्धा तास बंद ठेवून पुन्हा लावून बघा. कायम चार्जरला लावूनच काम करत असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे का बघा. असल्यास चालू करा. आणि टचपॅड वर आलेला दिसला किंवा झाकण नीट मिटेनासं झालं, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. तसा लॅपटॉप चार्जही करू नका आणि दाबूनही बघू नका, थेट सर्व्हिस सेंटरला न्या.

थंड करण्याचे घातक उपाय

फ्रीजमध्ये ठेवणं, बर्फाची पिशवी टेकवणं, ओला कपडा खाली घालणं. यातलं काहीही करू नका. थंड झालेल्या भागावर हवेतलं पाणी दवासारखं जमतं आणि ते आत जमलं तर बोर्ड जातो. कूलरसमोर बसायचं तर पाण्याचे तुषार पोचणार नाहीत एवढं लांब बसा. छताचा पंखा आणि एसी बिनधास्त चालवा.

प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला त्यावर लावलेली थर्मल पेस्ट बदलायला नवा लॅपटॉप उघडू नका. ते दोन-तीन वर्षांनंतरचं काम आहे. आत्ता उघडताना काही तुटलं तर वॉरंटीवरून वाद होईल तो वेगळाच.

खरा दोष कसा ओळखायचा

टेबलावर, सगळं उघडं ठेवून, बऱ्यापैकी थंड खोलीत, अपडेट संपल्यावर मोजा आणि ही लक्षणं दिसतात का पाहा. काहीही चालू नसताना ८० च्या वर आकडा राहतो. ९० ओलांडले तरी पंख्याचा आवाज नाही आणि टिश्यूचा तुकडा हलत नाही. पंखा घासल्यासारखा किंवा टकटक वाजतो. साध्या कामात लॅपटॉप अचानक बंद पडतो. सारखाच भार असताना प्रोसेसरमधला एक कोअर (काम करणारा एक भाग) दुसऱ्यांपेक्षा वीसेक अंशांनी वर असतो. यातलं एक जरी दिसलं तरी गप्प बसू नका.

तक्रारीला जाताना पुरावा न्या. तापमानाचा आकडा, टास्क मॅनेजर आणि घड्याळ एकाच वेळी दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढा. तक्रार फोनवर नको, लेखी द्या, आणि तिचा क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं.

माझ्या एका मित्राच्या नव्या लॅपटॉपबाबत सर्व्हिस सेंटरने "उन्हाळा आहे, एवढं तापणारच" म्हणून दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्या वेळी तो व्हिडिओ घेऊन गेला. त्यात ९७ अंश दिसत होते, पंख्याच्या फेऱ्यांपुढे शून्य होतं आणि टिश्यू पेपर जाळीसमोर निवांत लोंबत होता. त्यांनी समोरच तळ उघडला. पंख्याची वायर कनेक्टरमध्ये बसलेलीच नव्हती. दहा मिनिटांत काम झालं.