गाडी उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होतं? स्टॉप-स्टार्टच्या या चुका टाळा

साताऱ्यातल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात घटकाभर थांबलात, तर दोन तऱ्हेचे गाडीवाले भेटतात. एक म्हणतो, "दादा, ते उभ्या उभ्या बंद पडायचं कायमचं काढून टाका, सेल्फची वाट लागतीय." दुसरा म्हणतो, "नवीन होती तवा बंद व्हायची, आता होतच न्हाई. काय बिघडलंय बघा की." गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी आणि निघताना पुन्हा सुरू करणारी ही स्टॉप-स्टार्ट सिस्टिम एकाला नकोय, दुसऱ्याला हवीय. पण दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा बॅटरीत, नाहीतर चालवण्याच्या सवयीत सापडतं. वायर तोडण्याआधी आणि सेन्सर बदलण्याआधी तेवढं बघितलं तरी बराच खर्च वाचतो.

आधी सेल्फबद्दलची भीती. अशा गाड्यांना कंपनीतूनच जास्त वेळा सुरू होण्याच्या हिशेबाने बनवलेली स्टार्टर मोटर आणि भक्कम रिंग गिअर (सेल्फ फिरवतो ते दातेरी चाक) येतो, आणि बऱ्याच इंजिनांत क्रँकच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगवर खास कोटिंगही असतं. इंजिन गरम असतं, ऑइल जागेवर असतं. सकाळी थंड इंजिनाला सेल्फ मारताना जी झीज होते ती इथे होत नाही. २०१५ साली सियाझमधून मारुतीने जी हायब्रिड सिस्टिम आणली, त्या प्रकारात तर इंजिन पुन्हा सुरू करण्याचं काम बेल्टवर चालणारी मोटर-जनरेटर करते. चौकातल्या चौकात नेहमीचा सेल्फ वापरलाच जात नाही.

पेट्रोल किती वाचतं? छोटी पेट्रोल गाडी नुसती उभी राहून तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पिते, एसी लावला की आणखी. गरम इंजिन पुन्हा सुरू करायला जेवढं पेट्रोल लागतं, तेवढं दहाएक सेकंदांच्या आयडलिंगमध्येच, म्हणजे इंजिन चालू ठेवून उभं राहण्यातच, जळून जातं. म्हणून राजवाड्याहून पोवई नाक्यापर्यंत रेंगाळत, दोन-दोन सेकंद थांबत जाताना फारसा फायदा नाही. कासला फुलं आल्यावर रविवारी यवतेश्वर घाटात लागणारी रांग किंवा सलग सुट्ट्यांत आनेवाडी टोलवर होणारी गर्दी, तिथे मात्र ही सिस्टिम खरंच पेट्रोल वाचवते.

सगळ्यात महागात पडणारी चूक: साधी बॅटरी

तीन-चार वर्षांनी मूळची बॅटरी दम तोडते. दुकानदार दोन भाव सांगतो, मालक कमी भावाची उचलतो. मापात बसते, गाडी सुरू होते, सगळं ठीक वाटतं. काही महिन्यांनी पुन्हा रडगाणं सुरू होतं.

स्टॉप-स्टार्टच्या गाडीला ईएफबी (साध्या बॅटरीचाच मजबूत प्रकार) किंवा एजीएम (अॅसिड काचेच्या धाग्यांच्या थरात शोषून ठेवणारी) प्रकारची बॅटरी लागते. इंजिन बंद असताना दिवे, ब्लोअर, टेप, पंखा सगळा भार बॅटरीवर येतो आणि लगेच पुन्हा इंजिन सुरू करायचं असतं. दिवसातून कितीतरी वेळा थोडं रिकामं होऊन पुन्हा भरणं साध्या बॅटरीच्या प्लेटांना सोसत नाही. बदलताना जुन्या बॅटरीचं लेबल वाचा. ईएफबी असेल तर ईएफबीच घ्या. एजीएम असेल तर तिच्या जागी ईएफबीसुद्धा नको. पुष्कळ गाड्यांत नवीन बॅटरी बसवल्यावर स्कॅनर लावून "बॅटरी बदलली" अशी नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागते. ती केली नाही तर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजूनच चार्जिंग देत राहते. बिल देण्याआधी हे विचारून घ्या.

आणखी एक. उतरलेली बॅटरी दुकानात रात्रभर जुन्या मोठ्या चार्जरवर लावून ठेवायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे. एजीएम त्यात खराब होते. तिला एजीएमची सोय असलेला चार्जरच लागतो आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं नसतं, ती सीलबंदच असते.

शाहूपुरीतून निघायचं, मुलांना शाळेत सोडायचं, दूध घ्यायचं, परत यायचं, असा ज्यांचा रोजचा गाडीचा वापर आहे त्यांची बॅटरी कधी पुरती भरतच नाही. अशा गाडीत स्टॉप-स्टार्ट सगळ्यात आधी गप्प होतं, कारण चार्ज कमी दिसला की गाडी इंजिन बंद करण्याची जोखीमच घेत नाही. म्हणजे सिस्टिम चालेनाशी झाली तर तो बॅटरीचा आगाऊ निरोप समजा. पुण्याच्या नाहीतर कऱ्हाडच्या बाजूला तासभर सलग फेरी मारून या आणि बघा. त्यानंतर एक-दोन दिवस पुन्हा नीट चालली, तर सेन्सर वगैरे बदलायच्या भानगडीत पडू नका. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर चार्ज भरलेला आहे, १२.२ ला बॅटरी जेमतेम अर्धी आहे. भरलेली असूनही सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल, तर तिचे दिवस भरले.

निगेटिव्हवरचा तो छोटा डबा

बॉनेट उघडून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल बघा. पुष्कळ गाड्यांत क्लॅम्पलाच चिकटलेला काडेपेटीपेक्षा लहान काळा डबा आणि त्यातून निघालेली बारीक वायर दिसेल. तो बॅटरी सेन्सर. बॅटरीतून किती करंट गेला, किती आला, याचा हिशेब तो ठेवतो, आणि इंजिन बंद करायचं की नाही हे त्या हिशेबावर ठरतं.

आता डॅशकॅम, मोठा हॉर्न, जादा एलईडी, अॅम्प्लिफायर बसवणारा काय करतो? अर्थची वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, सेन्सरच्या आतल्या बाजूला जोडून टाकतो. तो करंट सेन्सरला दिसतच नाही. हिशेब चुकतो, आणि मग चांगल्या बॅटरीवरही सिस्टिम लहरीप्रमाणे वागू लागते, नाहीतर बॅटरी उतरली तरी गाडीला कळत नाही. जादा सामानाचा अर्थ गाडीच्या बॉडीला द्यायला सांगा. जंप स्टार्ट करताना, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करतानाही तेच: बंद पडलेल्या गाडीत काळा चिमटा निगेटिव्ह खांबाला न लावता इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला, किंवा पुस्तकात दाखवलेल्या अर्थ पॉइंटला लावा.

बिघाड नसताना बिघाड समजणं

मॅन्युअल गाडीत पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहायची सवय फार जणांना आहे. त्यात इंजिन कधीच बंद होणार नाही, आणि क्लचचं रिलीज बेअरिंग फुकट झिजतं. गाडी थांबली की न्यूट्रल करा, क्लच पूर्ण सोडा. पुढची गाडी हलायच्या बेतात दिसली की क्लच दाबा. गिअर पडेपर्यंत इंजिन सुरू झालेलं असतं. ऐनवेळी घाईने क्लच अर्धवट दाबून मागच्याचे हॉर्न ऐकणारे लोक दोष सिस्टिमला देतात.

ऑटोमॅटिक गाडीत सगळा खेळ ब्रेकच्या दाबावर आहे. पुष्कळ गाड्यांत ब्रेक नीट दाबला तर इंजिन बंद होतं, हलकाच धरला तर चालू राहतं. गर्दीत इंचाइंचाने सरकताना हलका पाय ठेवा, वारंवार बंद-चालूचा त्रास होत नाही. ब्रेक पंप करत बसू नका. इंजिन बंद असताना ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम संपत आला की गाडी आपण होऊन सुरू होते.

एप्रिल-मेमध्ये एसी सगळ्यात थंडवर ठेवून "बंदच होत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, आणि गाडी आधी तुमचा गारवा सांभाळते. चोवीस-पंचवीसवर ठेवा. बेल्ट लावलेला नसेल, दरवाजा किंवा बॉनेट नीट लागलेलं नसेल, इंजिन अजून तापलेलं नसेल, स्टिअरिंग वळवलेलं असेल, चढ जास्त असेल, तरीही सिस्टिम इंजिन बंद करत नाही. समर्थ मंदिराच्या चढावर ती गप्प राहिली तर काही बिघडलेलं नाही. डिझेलवाल्यांसाठी वेगळं कारण आहे. बीएस-सिक्स (प्रदूषणाचे नवे नियम पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. तो आतली काजळी जाळत असताना आयडल थोडं चढतं, पंखा जोरात फिरतो आणि इंजिन बंद होत नाही. अशा वेळी चावीनेही बंद करू नका. जमलं तर हायवेवर थोडं पुढे जाऊन काजळी जळू द्या.

बटण कुठे दाबावं

गोल बाणात 'ए' अक्षर असलेलं बटण दाबलं की तेवढ्यापुरती सिस्टिम बंद होते. बहुतेक गाड्यांत पुढच्या वेळी चावी फिरवली की ती पुन्हा चालू असते. ती कायमची बंद करणारे सुटे तुकडे बाजारात मिळतात, पण वायरिंगला हात लागला की वॉरंटीचा वाद उभा राहतो. बटणाने काम होत असताना ते बसवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

रस्त्यावर पाणी साचलं असेल तर त्यात शिरण्याआधी हे बटण दाबलंच पाहिजे. पाण्यात इंजिन बंद झालं की सायलेन्सरमधून पाणी आत येऊ शकतं, आणि हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरात गेलेलं असताना इंजिन फिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी किती खोल आहे हे दिसत नसेल तर गाडी घालूच नका. पार्किंगमध्ये मागे-पुढे करताना, चढावर गर्दीत सरकताना बटण दाबलेलं बरं. टर्बो गाडीने खंबाटकी चढून लगेच हॉटेलपाशी थांबलात तरीही दाबा, आणि चावी काढण्याआधी तापलेला टर्बो निवावा म्हणून इंजिन मिनिटभर आयडलवर चालू द्या.

बंद दिसते म्हणून बंद आहे असं नाही

ही चूक जिवावर बेतणारी आहे. गाडी शांत आहे म्हणून चालक तसाच खाली उतरतो, आत मूल राहतं. काही गाड्या दरवाजा उघडताच कुंईकुंई करून इशारा देतात, काहींत इंजिन पुन्हा सुरू होतं. उतरताना चावी फिरवून किंवा बटण दाबून गाडी पूर्ण बंद करा, हँडब्रेक ओढा. मिस्त्रीने बॉनेटखाली हात घालण्याआधीही हेच. बॉनेटचा स्विच खराब असेल तर इंजिन कधी फिरेल याचा भरवसा नाही.

स्कूटरवर तर जास्तच जपा. बीएस-सिक्स अॅक्टिव्हा १२५ मध्ये आयडलिंग स्टॉप आहे, ज्युपिटरच्या काही मॉडेलांत इंटेलिगो नावाने तीच सोय आहे. थांबलं की थोड्या सेकंदांत इंजिन बंद, थ्रॉटल पिळलं की चालू आणि त्याच हिसक्यात गाडी पुढे. पुढे उभ्या केलेल्या लेकराचा हात नेमका थ्रॉटलवर असतो. किराणा दुकानासमोर थांबून पिशवी घ्यायला वाकताना आधी चावी बंद करा, मग साइड स्टँड लावा. हीरोच्या आय-थ्री-एसवाल्या मोटारसायकलींत न्यूट्रलला इंजिन बंद होतं आणि क्लच ओढला की सुरू होतं. तिथे गाडी लगेच उसळत नाही, पण चावी चालू राहिली तर बॅटरी उतरते. या तिन्ही प्रकारांत हँडलवर या सोयीचा स्विच असतो. मूल पुढे उभं असेल तेव्हा तो बंदच ठेवा.