वाचनालयाचं संकेतस्थळ आमच्या हाती कसं आलं

नाशिकमधल्या आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर सुट्टीची साधी सूचना टाकायची, तरी बाहेरच्या माणसाला फोन करावा लागे. सगळी पानं एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या संकेतभाषेत, हाताने लिहिलेली. कुसुमाग्रज जयंतीच्या, म्हणजे २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाची सूचना मार्चमध्ये झळकली, तेव्हा हे बदलायचंच असं ठरवलं.

त्यासाठी सीएमएस, म्हणजे संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणारी प्रणाली, हवी होती. ती मजकूर डेटाबेसमध्ये ठेवते आणि मांडणी वेगळी ठेवते. त्यामुळे ईमेल लिहिता येणाऱ्या कुणालाही पान बदलता येतं. अशा प्रणालींपैकी ड्रुपल (२००१ मध्ये आलेलं) ताकदीचं, पण ते सांभाळणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. म्हणून वर्डप्रेस (२००३ मध्ये आलेलं) घेतलं. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, म्हणजे त्यांचा कोड सर्वांना खुला आहे.

खरी मेहनत जुन्या मजकुराची. तो युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींतल्या अक्षरांसाठीची प्रमाण संकेतपद्धत) फॉन्टमध्ये होता: पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठलेली रोमन अक्षरं आणि चिन्हं. शोधयंत्राला त्यातलं ‘वाचनालय’ सापडणार कसं? कन्व्हर्टरमधून सगळं युनिकोडमध्ये आणलं, मग जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी डोळ्यांखालून घातली. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

पुस्तकांची सूची मात्र वर्डप्रेसमध्ये घालू नये. देवघेव आणि मार्क नोंदींसाठी (मार्क म्हणजे पुस्तकाची माहिती नोंदवायचा ग्रंथालयांचा प्रमाण नमुना) कोहा हे सॉफ्टवेअर आहे; न्यूझीलंडमध्ये ते ग्रंथालयासाठीच बनलं आणि २००० पासून वापरात आहे. मुखपृष्ठावरची शोधपेटी त्याच्या ओपॅकला, म्हणजे वाचकांसाठीच्या ऑनलाइन सूचीला, जोडली.

वर्डप्रेसमध्ये देवघेव विभागातल्या ताईंना ‘लेखक’, ग्रंथपालांना ‘संपादक’ अधिकार दिले. प्लगइन (वरून जोडायच्या जादा सुविधा) मोजकेच, बॅकअप सर्व्हरबाहेर. कार्यक्रमाच्या सूचना आता ताई स्वतःच टाकतात.