छाटणीआधी हवामान केंद्र बसवताय? आधी जागा बघा

गणपती उठले की सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागांच्या फळछाटणीचं बोलणं सुरू होतं. कात्र्यांना धार लागते, डोळे फुटावेत म्हणून लावायच्या पेस्टची जुळवाजुळव होते, मजुरांच्या टोळ्या ठरतात. त्याच धांदलीत आता आणखी एक काम आलंय, बागेत स्वयंचलित हवामान केंद्र बसवण्याचं. यंत्र कुठलं घ्यायचं याची चौकशी आपण दहा ठिकाणी करतो, पण ते कुठं उभं करायचं हे मात्र बसवायला आलेल्या पोरावर सोडून देतो. ही चूक मी केलेली आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं पहिलं केंद्र मोटरच्या खोलीवर बसवलं होतं. "आबा, हितं रेंज फुल्ल हाय आणि चोरीचीबी भीती न्हाई," असं तो फिटर म्हणाला आणि मला ते पटलं. खोलीवर पत्रा, शेजारी विहिरीचा दगडी काठ, पलीकडं रामफळाचं झाड. अर्ध्या तासात काम उरकलं. त्या हंगामात बाग दोडा अवस्थेत (घडावर फुलाआधीच्या बारीक कळ्या) असताना मोबाईलवर रोज एकच दिसायचं, डावणीची, म्हणजे पानांवर-घडांवर येणाऱ्या बुरशीच्या रोगाची, जोखीम कमी. आकड्यावर विसंबून मी एक फवारणी पुढं ढकलली. ओढ्याकडच्या प्लॉटमध्ये पानं उलटून बघितली तेव्हा पांढरी बुरशी आलेली होती, आणि आठवड्यात ती घडांवर गेली. यंत्रात बिघाड नव्हता. ते तापलेल्या पत्र्यावरची हवा मोजत होतं, आणि बागेतली हवा वेगळीच होती. दिवसभर तापलेला पत्रा आणि दगड संध्याकाळी उशिरापर्यंत ऊब सोडत राहतात. तिथली हवा कोरडी दिसते, आणि दव बागेत पडलं तरी खोलीवर पडत नाही.

त्यामुळे जागा निवडताना पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा. आपल्या बागेत डावणी दरवर्षी सगळ्यात आधी कुठं दिसते? प्रत्येक बागायतदाराला तो कोपरा पाठ असतो. बहुतेक ठिकाणी तो खोलगट भाग असतो, ओढ्याच्या अंगाचा, जिथं पहाटे गार हवा साचते आणि दव उशिरा उठतं. पान ओलं किती तास राहिलं हे मोजणारा सेन्सर त्याच कोपऱ्यात हवा. डावणीच्या बुरशीला पानावर साचलेलं पाणी लागतं. रात्री हवेतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर काही तास टिकली की पानाखाली बीजाणू तयार होतात, आणि पुढं दोन-चार तास पान ओलं राहिलं तर ते आत शिरतात. भुरीचं, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारख्या दुसऱ्या बुरशीचं, तसं नाही. तिला साचलेलं पाणी लागत नाही, ढगाळ आणि दमट हवा पुरते. म्हणून डावणीचा अंदाज घ्यायचा तर पर्णओलाव्याचा सेन्सर हाच केंद्राचा खरा जीव आहे, आणि नेमका तोच सगळ्यात निष्काळजीपणे बांधला जातो.

हा सेन्सर खांबावर उघड्या हवेत लावायचा नाही. तो ओळीत, पानांच्या आत, घड जिथं लटकतात त्या उंचीला बांधा. बांधाकडची पहिली ओळ नको, किमान पाच-सहा ओळी आत जा. कडेच्या ओळीला वारं लागतं आणि रस्त्याची धूळही बसते. सेन्सरचं तोंड उत्तरेला आणि ४५ अंशांच्या आसपास उतार ठेवा. तोंड दक्षिणेला राहिलं तर सकाळचं तिरपं ऊन त्यावर आधी पडतं आणि पानं अजून ओली असताना तो कोरडा पडतो. सपाट लावला तर पाणी साचून राहतं आणि तो दुपारपर्यंत ओलाच दाखवतो. छाटणीनंतर बागेत पानंच नसतात, तेव्हा उघड्या तारेवर बांधलेला सेन्सर महिन्याभरात फुटव्यात गाडला जाईल हे धरून चाला. हिरवी छाटणी आणि विरळणीच्या वेळी मजूर तो हमखास बाजूला सारतात. त्यांना आधी दाखवून ठेवा, नाहीतर तारेला लाल फीत बांधा.

बसवल्यावर सलग तीन दिवस सूर्य उगवायच्या आधी बागेत जा. सेन्सरशेजारचं पान उलटं करून खालच्या बाजूनं बोट फिरवा. बोट ओलं झालं का बघा, आणि पान पूर्ण कोरडं कधी झालं ती वेळ वहीत टिपा. मोबाईलवर सेन्सर कोरडा झाल्याची वेळ त्याच्याशी ताडून बघा. पंधरा-वीस मिनिटांचा फरक चालतो. तासभराचा फरक असेल तर कोन बदला, जागा बदला, नाहीतर ओलं-कोरडं ठरवणारी मर्यादा कंपनीकडून बदलून घ्या. ही मर्यादा बदलता येते, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पाऊस, वारा आणि ऊन यांचं गणित बरोबर उलटं आहे, त्यांना मोकळं रान लागतं. पर्जन्यमापकापासून झाड किंवा शेड जितकं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर हवं, चौपट मिळालं तर उत्तम. बांधावरचा कडुलिंब ८ मीटर उंच असेल तर १६ मीटरच्या आत मापक नको. वाऱ्याच्या चक्रीला तर अडथळ्याच्या उंचीच्या दहापट मोकळी जागा सांगितली जाते. आपल्या दोन-तीन एकरांच्या तुकड्यांत ते जमत नाही हे मला कळतं. अशा वेळी वाऱ्यात थोडी तडजोड करा, पावसात करू नका.

आणि शेजारचा ऊस विसरू नका. सप्टेंबरात कमरेएवढा दिसणारा आडसाली पुढच्या पावसाळ्यात दोन पुरुष उंच होतो, आणि आज मोकळी असलेली जागा तेव्हा विहिरीच्या तळासारखी होते. तोडणीनंतर पाचट पेटवतात, त्याची धग वेगळीच. शेजाऱ्याला विचारून त्या बांधापासून लांब सरका. शेततळ्याचा भराव मोकळा दिसतो म्हणून तोही निवडू नका. भरावावर वारं चढून येतं आणि पावसाचे थेंब मापकाच्या तोंडावरून उडवून नेतं. शेजारी तुषार सिंचन चालत असेल तर त्याचं पाणीही मापकात पडून पाऊस म्हणून मोजलं जातं. प्लास्टिक आच्छादनाखाली बाग असेल तर पर्जन्यमापक आच्छादनाच्या बाहेर आणि पर्णओलाव्याचा सेन्सर आत, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर पांढऱ्या तबकड्यांच्या चळतीत असतो. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर ही त्याची मान्य उंची. खाली फरशी, काळं मल्चिंग किंवा मुरमाचा रस्ता नको. गवत किंवा बागेचीच माती असू द्या. हा सेन्सर मोकळ्यात ठेवायचा की ओळीत, यावर मतं वेगवेगळी आहेत. रोगाच्या अंदाजासाठी मी ओळीतला पसंत करतो, कारण बुरशी तिथंच राहते. पाण्याची गरज काढायची तर मोकळ्यातला बरा. एकच सेन्सर असेल तर केंद्राचं गणित कुठल्या जागेसाठी बांधलंय हे विकणाऱ्याला विचारा आणि तसाच लावा. वाऱ्याचंही तसंच. हवामान खात्याचं मानक १० मीटर उंचीचं, तर पिकाच्या पाण्याचं सूत्र २ मीटरवरचा वारा धरतं, आणि मोकळ्या रानात २ मीटरवर वारा १० मीटरच्या पाऊण पटच भरतो. यंत्रात उंची चुकीची भरली असेल तर बाष्पीभवनाचा आकडा चुकतो आणि ड्रिपचे तासही चुकतात.

आता खांब. आपली काळी जमीन पाऊस पडला की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. त्यात नुसता फूटभर गाडलेला खांब वर्षात कलतो. पर्जन्यमापकाच्या आत दोन वाट्यांची छोटी ढेकळी असते, एक वाटी भरली की ती ढळते आणि दुसरी समोर येते. खांब कलला की ही ढेकळी तिरपी होते आणि पाऊस कमी-जास्त मोजते. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या, काळी माती खोल असेल तर अडीच-तीन फूट तरी, आणि काँक्रीट भरा. आठ दिवस पाणी मारा, मगच सेन्सर चढवा. खांबाला ओळंबा लावा, मापकाच्या तोंडावर लेव्हल बाटली आडवी-उभी दोन्ही बाजूंनी धरा. हे काम सप्टेंबरात करण्याचं कारण हेच की जमीन खणायला मऊ असते आणि छाटणीपर्यंत काँक्रीट पक्कं होतं.

सोलर पॅनेलचं तोंड दक्षिणेला. आपण जवळपास १७ अक्षांशावर आहोत, तेव्हा उतार २० अंशांच्या आसपास ठेवला की डिसेंबरातलं तिरपं ऊनही मिळतं आणि धूळ पावसानं धुऊन जाते. ऊन मोजणारा सेन्सर असेल तर तो खांबाच्या दक्षिणेला आडव्या दांडीवर लावा, म्हणजे हंगामभर खांबाची सावली त्यावर येत नाही. वाऱ्याची दिशा लावताना मोबाईलचं होकायंत्र लोखंडी खांबाला चिकटवून बघू नका, चार-पाच पावलं लांब उभे राहा.

परतीच्या पावसात आपल्याकडं विजा फार. मोकळ्या रानातला लोखंडी खांब विजेला जवळचा. त्याला स्वतंत्र अर्थिंग द्या, मोटरच्या स्टार्टरच्या अर्थिंगला जोडू नका. केबल पाइपातून न्या, उंदीर ती कुरतडतात. गडगडाट सुरू झाला की केंद्राजवळ कुणीही थांबायचं नाही, मग दुरुस्ती कितीही अडलेली असो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं तयार केलेलं दामिनी ॲप मोबाईलवर असू द्या, ते जवळपासच्या विजेची सूचना देतं. मोबाईलची रेंज खांबाच्या जागी, खांबाच्या उंचीवर तपासा. घराच्या ओट्यावरची रेंज कामाची नाही.

बसवून झालं की पर्जन्यमापकाची परीक्षा घ्या. याला काही खर्च नाही. मापकाच्या तोंडाचा व्यास मोजा. १६ सेंटिमीटर असेल तर २०० मिली पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. २० सेंटिमीटर असेल तर त्याच १० मिलिमीटरला ३१४ मिली लागतं. पाण्याच्या बाटलीच्या बुचाला आणि बुडाला सुईनं भोक पाडा, मोजून पाणी भरा, बाटली उलटी टांगा आणि अर्ध्या-पाऊण तासात थेंबथेंब रिकामी होऊ द्या. एकदम ओतलं तर ढेकळी ढळता ढळता पाणी वाया जातं आणि आकडा कमी येतो. मोबाईलवर साडेनऊ ते साडेदहा दिसलं तर ठीक. आठ दिसलं तर मापक तिरपा आहे किंवा ढेकळीचा स्क्रू हलवावा लागेल. तो कंपनीच्या माणसाकडूनच हलवून घ्या.

शेजारी एक साधा नळीचा पर्जन्यमापकही ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला बघा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठलाच संपतो, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी थेट ताडता येतो. आर्द्रतेची परीक्षा निसर्गच घेतो. दाट धुक्याच्या पहाटे आकडा ९५ च्या वर जायला हवा. पाच फुटांवरचं दिसत नाही आणि मोबाईल ८५ दाखवतोय, तर सेन्सर थकलाय. धूळ आणि फवारणीचे कण त्याला दोन-तीन वर्षांत म्हातारा करतात.

देखभालीत तीन गोष्टी चुकवू नका. मापकाच्या नरसाळ्यात पक्ष्यांची विष्ठा आणि पानं अडकतात, तबकड्यांत कोळी आणि कुंभारीण घर करतात, आणि पर्णओलाव्याच्या सेन्सरवर फवारणीचा थर बसतो. दर पंधरा दिवसांनी साफ करा. सेन्सर स्वच्छ पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसा, साबण नको. फवारणीची तारीख आणि वेळ नोंदवा. ब्लोअरचं पाणी सेन्सरवर पडलं की यंत्र ते दव किंवा पाऊस समजतं, आणि आठ दिवसांनी आलेख बघताना ते लक्षात राहत नाही.

आणखी एक, हे शेजाऱ्यांशी बोलून करण्यासारखं आहे. सावळजला तास-दीड तास झोडपतो आणि मणेराजुरी कोरडी राहते, हे आपण हस्त-चित्रात दरवर्षी बघतो. तापमान आणि आर्द्रता चार-पाच बागांत बरीच जुळते, पाऊस जुळत नाही. म्हणून चार बागायतदारांनी मिळून एक पूर्ण केंद्र घ्यावं आणि प्रत्येकाच्या बागेत स्वस्तातला पर्जन्यमापक व पर्णओलाव्याचा एक सेन्सर ठेवावा, असं मला वाटतं. फळपीक विम्यासाठी मात्र या केंद्राचा उपयोग नाही. विमा कंपनी महसूल मंडळातल्या अधिकृत संदर्भ केंद्राचेच आकडे धरते. तुमच्या मंडळाचं केंद्र कुठल्या गावात, कुठल्या जागी आहे हे सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा कृषी सहायक) छाटणीआधीच विचारून घ्या आणि एकदा जाऊन बघून या. त्याच्याभोवती झाडं वाढलेली दिसली, मापक कललेला दिसला, तर तारीख असलेला फोटो काढून तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुकसान झाल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा सप्टेंबरातला हा अर्ज जास्त कामाला येतो.