वांगावरची ट्यूब सोडली तेव्हा

दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले. शेजारच्या काकूंनी सांगितलेली ट्यूब औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवायच आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, म्हणून आठ महिने लावत राहिले. मग उन्हात गेलं की गालांची आग व्हायची, हनुवटीवर लव वाढली, नाकाशेजारी बारीक लाल शिरा दिसू लागल्या.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मलाच मोठ्याने वाचायला लावली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं तिसरं म्हणजे स्टेरॉइड. हे मिश्रण वांगावर देतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि थोडेच आठवडे. ट्यूब बंद केल्यावरचे पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. चेहरा लालबुंद, वर पुरळ. हात परत परत त्या ट्यूबकडे जायचा. साधं मॉइश्चरायझर लावून कसाबसा तग धरला.

नंतर रात्री डाग फिकट करणारं अझेलेइक अ‍ॅसिड, दिवसा रंगीत सनस्क्रीन, दोन बोटांवर मावेल एवढं, दर तीन तासांनी. रंगीतच का? त्यातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं. वांगाचे डाग त्या प्रकाशानेही गडद होतात, आणि साधं सनस्क्रीन तिथे अपुरं पडतं.

पाच महिन्यांनी उजवा गाल जवळजवळ साफ झाला. डाव्यावर फिकट छटा आहे अजून.