दूध न मानवणाऱ्यांनी डिस्नेत काय खावं

ओरलँडोत घर असलेल्या मराठी माणसाकडे थँक्सगिव्हिंगपासून नवीन वर्षापर्यंत पाहुण्यांची खोली रिकामी राहत नाही. अमेरिकेत नुकतीच आलेली मंडळी पहिल्याच मोठ्या सुट्टीत डिस्ने गाठतात. येताना एक्सेल शीट घेऊन येतात: कुठल्या दिवशी कुठलं पार्क, कुठल्या राइडकडे आधी पळायचं, आतषबाजी कुठून नीट दिसते. जेवणाच्या रकान्यात मात्र 'तिथे बघू'. ज्याला दूध पचत नाही त्याचं हे 'तिथे बघू' दुपारी तीनच्या सुमारास स्वच्छतागृह शोधण्यात संपतं. दर वर्षी तेच बघतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सुरुवातीची तक्रार ठरलेली असते. "भारतात एवढं दूध-दही खाल्लं, कधी काही झालं नाही. इथल्या दुधातच काहीतरी घालतात." काही घालत नाहीत. फरक मापाचा आहे. दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात आणि ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. जगातल्या साधारण दोनतृतीयांश माणसांमध्ये ते लहानपणानंतर कमी होत जातं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात, आणि मग पोट फुगणं, गुडगुडणं, जुलाब. आपल्या एका चहात जेमतेम ५० मिलिलिटर दूध, म्हणजे अडीच ग्रॅम लॅक्टोज. दही-ताक विरजलेलं, तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच. त्यामुळे तिकडे आयुष्य निघून गेलं तरी पत्ता लागत नाही. इथे १६ औंसांचा लाटे, म्हणजे दुधाळ कॉफी, घेतलात की एका दमात ३५० मिलिलिटरच्या आसपास दूध, म्हणजे १७ ग्रॅम लॅक्टोज पोटात जातं. एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत बऱ्याच जणांचं निभावतं, पुढे निभावत नाही. वर दुपारी पिझ्झा आणि संध्याकाळी मिकीच्या कानांचं आइस्क्रीम.

आणि ते महागडं ए-टू दूध आणू नका. त्यातलं प्रथिन वेगळं असतं, लॅक्टोज तेवढंच. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काका-मावश्यांना हे पटत नाही, त्याला इलाज नाही.

दूध प्यायल्यावर अंगावर गांध्या येत असतील, ओठ सुजत असतील, श्वास अडकत असेल तर ती अ‍ॅलर्जी. ते प्रकरण निराळं आणि गंभीर आहे. तुम्ही डॉक्टरांकडे जा, माझ्या सल्ल्यावर विसंबू नका.

आता मुख्य मुद्दा, आणि हा मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. काउंटरवर 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका. आपल्या डोक्यात शाकाहार म्हणजे वरण-भात-भाजी. अमेरिकन स्वयंपाकघरात शाकाहार म्हणजे मांस काढलं आणि त्या जागी चीज घातलं. मॅक अँड चीज, चीज पिझ्झा, चीज केसाडिया, क्रीम घातलेलं टोमॅटो सूप, रँच ड्रेसिंगचं सॅलड. मांस खाणाऱ्या आणि दूध न पचणाऱ्या माणसाचं इथे बरं चालतं, नुसतं भाजलेलं चिकन आणि भात मागितला की झालं. दूध न पचणारा शाकाहारी मात्र 'व्हेजिटेरियन' म्हणाला रे म्हणाला की चीजच्या ढिगाखाली गाडला जातो. चौघांच्या कुटुंबाने व्हेजिटेरियन म्हणून मागवलेलं सगळं जेवण तसंच टाकून बाहेर पडताना मी पाहिलं आहे. पार्कातल्या किमतीत ती चूक फार महाग पडते.

मागायचं ते 'प्लांट-बेस्ड' किंवा 'व्हीगन'. २०१९ पासून डिस्ने वर्ल्डच्या मेनूवर अशा पदार्थांपुढे हिरव्या पानाचं चिन्ह असतं. त्या चिन्हाचा अर्थ मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, मधही नाही. आपल्या शाकाहारी मंडळींचे दोन्ही प्रश्न त्यात एकदम सुटतात. व्हीगन म्हटलं की नाक मुरडणारे आपल्यात खूप आहेत, "गवत खायला एवढे पैसे भरले का" वगैरे. मुरडू द्या. तुम्ही तत्त्वज्ञान स्वीकारत नाही आहात, दुपारचं जेवण निवडता आहात.

चिन्ह नसेल तिथे पूर्ण वाक्य म्हणा: "नो मिल्क, नो चीज, नो बटर, नो क्रीम." नुसतं 'नो डेअरी' म्हटलं तर समोरचा विचारतो, "अंडं चालेल का?" इथे अंडी दुकानात दुधाशेजारी ठेवतात, म्हणून बऱ्याच लोकांच्या मनात ती डेअरीतच मोडतात. लोणी नेमकं कुठे लपतं तेही लक्षात असू द्या: बर्गरचा पाव लोणी लावून भाजतात, कुस्करलेल्या बटाट्यात लोणी आणि दूध दोन्ही असतं, तळलेल्या चिकनचं पीठ बऱ्याचदा ताकात कालवलेलं असतं. नुसत्या लोण्याने फारसं बिघडत नाही, त्यात लॅक्टोज अगदी थोडं. चेडर, पार्मेझान अशी मुरलेली चीजही पुष्कळांना सोसतात. खरे शत्रू म्हणजे दूध, आइस्क्रीम, मिल्कशेक, क्रीम सॉस आणि ते नाचोंवर ओततात ते पिवळं पातळ चीज.

खोटं मात्र बोलू नका. "अ‍ॅलर्जी आहे म्हटलं की जास्त लक्ष देतात" हा सल्ला आपल्या ग्रुपांवर फिरत असतो. खरं आहे, देतात. अ‍ॅलर्जी म्हटली की स्वयंपाकघरात वेगळी भांडी, नवे हातमोजे, कधी कधी स्वतः शेफ टेबलापाशी येऊन बोलतो. आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी असंच केलं. शेफने शांतपणे एकेक पदार्थ समजावला, त्यांच्यासाठी वेगळं ताट करून आणलं, आणि तो शेफ टेबलापासून दोन पावलं गेला नाही तोच ह्यांनी पोराच्या हातातलं आइस्क्रीम चाटलं. शेफने पाहिलं. पुढच्या खऱ्या अ‍ॅलर्जीवाल्याला ही मंडळी किती गांभीर्याने घेतील, याचा विचार करा. 'इनटॉलरन्स आहे, किंचित अंश चालेल' असं सरळ सांगितलं तरी नीट मदत मिळते.

ऑर्डर शक्यतो फोनवरून द्या. 'माय डिस्ने एक्सपिरियन्स' अ‍ॅपात मोबाइल ऑर्डर असते आणि बऱ्याच ठिकाणी दुधासकट प्रमुख अ‍ॅलर्जींसाठी वेगळा मेनूही दिसतो. मागे रांग खोळंबलेली, पोरं रडताहेत आणि तुम्ही सॉसमध्ये काय आहे ते विचारताय, हा प्रसंग टळतो. आदल्या रात्री अंथरुणात पडून मेनू वाचून ठेवा. मेनू बदलत राहतात, म्हणून मागच्या वर्षी आलेल्या मित्राने पाठवलेल्या यादीवर जाऊ नका.

गोळ्यांबद्दल. लॅक्टेजच्या गोळ्या इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतात. वॉलग्रीन्स, सीव्हीएस, वॉलमार्ट, टार्गेट, कुठेही. लॅक्टेड हा ब्रँड सगळ्यांना माहीत आहे, दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडच्या गोळ्या स्वस्त पडतात. शाकाहारी असाल तर घटक वाचा, काही कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं. आता वेळ. गोळी पहिल्या घासाबरोबर घ्यायची. सकाळी नाश्त्याला एक घेतली म्हणजे दिवसभराची सोय झाली असं नसतं. ते एन्झाइम पोटात आलेल्या अन्नाबरोबर काम करतं आणि अन्नाबरोबरच पुढे जातं. जेवण लांबलं, अर्ध्या-पाऊण तासानंतरही दुधाचं काही खाणं चालूच असेल तर आणखी एक घ्या. पोट दुखायला लागल्यावर घेतलेली गोळी वाया गेली समजा. हे वाक्य मी दर डिसेंबरात म्हणतो आणि तरी कुणीतरी रात्री नऊ वाजता पार्किंगच्या ट्राममध्ये पोट आवळून "आता एखादी घेऊ का?" विचारतंच.

गोळ्या अंगावरच्या बॅगेत ठेवा, गाडीत नको. फ्लोरिडाच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. मग "गोळीचा काही उपयोग नाही" असा अनुभव पुढच्या चार जणांना सांगितला जातो.

गोळी चुकली आणि त्रास झालाच, तर मॅजिक किंगडममध्ये क्रिस्टल पॅलेस रेस्टॉरंटशेजारी प्रथमोपचार केंद्र आहे. बाकीच्या पार्कांतही असतं, नकाशावर बघून ठेवा. राइडच्या रांगेतून पळावं लागलं तर तिथल्या कर्मचाऱ्याला सांगून निघा. आणि पाणी प्या. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, तरी आपले लोक बाटल्या विकत घेत बसतात.

कुठे खावं? अ‍ॅनिमल किंगडमच्या पँडोरा भागात साटूली कँटीन आहे. भात किंवा नूडल्स, वर टोफू, वर ड्रेसिंग असा वाडगा आपणच ठरवायचा. 'क्रीमी' लिहिलेलं ड्रेसिंग सोडून दुसरं घ्यायचं. मॅजिक किंगडममध्ये पेकोस बिल रेस्टॉरंटात मेक्सिकन धाटणीचं मिळतं, चीज आणि सावर क्रीम वगळायला सांगा. तिथल्याच अ‍ॅडव्हेंचरलँड भागातल्या अलोहा आइल स्टॉलवरचं अननसाचं डोल व्हिप, म्हणजे आइस्क्रीमसारखा गार पदार्थ, दुधाशिवायचं असतं. उन्हात पोरांबरोबर तुम्हालाही काहीतरी गार खाता येतं, हे सुख लहान नाही. फक्त 'स्वर्ल' म्हणू नका, त्यात व्हॅनिला सॉफ्ट सर्व्ह मिसळतात आणि ते दुधाचं.

एपकॉटमध्ये तलावाभोवती ११ देशांची दालनं आहेत. भारताचं नाही, विचारू नका. पोटाच्या दृष्टीने चीन आणि जपान सोपे, त्या स्वयंपाकात दूध मुळातच कमी. शाकाहाऱ्यांनी मात्र रस्सा विचारून घ्यावा, जपानी सूप बहुतेक वेळा माशाच्या पाण्यात केलेलं असतं. मोरोक्कोत हमस मिळतं. कॅनडाच्या दालनातलं चेडर चीज सूप प्रसिद्ध आहे, त्याच्या वासाने ओढले जाऊ नका. फ्रान्सच्या बेकरीत गोळी खिशात असेल तरच शिरा.

अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातल्या सना रेस्टॉरंटकडे आपली मंडळी हमखास जातात, कारण तिथे आफ्रिकन जेवणाला भारतीय वळण आहे आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. तिथल्या ब्रेड सर्व्हिसमध्ये पाच प्रकारच्या भारतीय पोळ्या आणि नऊ तोंडीलावणी येतात. नान, पनीर पराठा, रायतं बघून "हे तर आपलंच" म्हणत माणूस सैल पडतो. आपलं आहे म्हणून ते बिनदुधाचं होत नाही. ऑर्डर देतानाच सांगा. हाच नियम ओरलँडोतल्या देशी रेस्टॉरंटांना, तिथे तर ग्रेव्हीत क्रीम घातल्याशिवाय कुणाचा हात राहत नाही. डिस्नेच्या बसून जेवायच्या ठिकाणी ६० दिवस आधी बुकिंग उघडतं, त्यातच दुधाचं लिहून ठेवता येतं.

घरचं न्या. डिस्ने बाहेरचं खाणं आत नेऊ देतं, काचेची बरणी, सुटा बर्फ आणि गरम करावं लागेल असं काही नको, एवढंच. तिखट-मिठाच्या पुऱ्या, चटणी लावलेली पोळीची गुंडाळी, भडंग, लाडू, सगळं चालतं. दशम्या मात्र दुधात भिजवलेल्या असतात आणि धपाट्यांत दही असतं, याचा करणाऱ्याच्या हाताला विसर पडलेला असतो. तेवढ्याने बहुतेकांना काही होत नाही, पण तुमचं पोट नाजूक असेल तर पाण्यात भिजवायला सांगा. बाकावर बसून डबा उघडायला लाजणारे नवखेच असतात. दोन वर्षांत ती लाज जाते. ओरलँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या थीम पार्कचे नियम जास्त कडक आहेत, किरकोळ खाऊ आणि आहाराच्या वैद्यकीय गरजेचं अन्न नेता येतं, मोठा कूलर नाही.

साखर नसलेल्या गोळ्या-चॉकलेटं मुठीने खाऊ नका. त्यात साखरेऐवजी घातलेल्या सॉर्बिटॉल, माल्टिटॉलनेही तंतोतंत हाच त्रास होतो आणि दोष दुधाला दिला जातो.

शेवटी चहा, कारण आई-बाबा बरोबर असतील तर सगळी सहल चहावरच अडते. चारही पार्कांत स्टारबक्स आहे, सोया, बदाम, ओटचं दूध मिळतं, पण त्या चहाला आई चहा म्हणणार नाही. डिस्नेच्या हॉटेलांत खोलीत छोटा फ्रिज असतो. येतानाच किराणा दुकानातून लॅक्टोज-फ्री दुधाची पेटी आणून ठेवा. ते खरं गाईचंच दूध, फक्त त्यात लॅक्टेज आधीच घातलेलं. साखर फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज झालेलं असतं, म्हणून ते जरा गोड लागतं. "यात साखर घातलीय" असं बाबा म्हणतील, तेव्हा हे सांगा आणि चहात साखर अर्धा चमचा कमी घाला. पेटी उचलताना मात्र 'लॅक्टोज-फ्री' लिहिलंय ना ते वाचा. घाईत 'फॅट-फ्री' उचलून आणणारे दर वर्षी भेटतात. साय काढली तरी लॅक्टोज सगळं तिथेच असतं.